आधी भिंतीतला प्लग बघा, मग कॉम्प्युटर

मोहोर टिकला की आमच्याकडे लोकांना दोन गोष्टी सुचतात: लग्न आणि कॉम्प्युटर. लग्नाचं मला विचारून उपयोग नाही. कॉम्प्युटरचे डबे मात्र गेली २६ वर्षं चिपळुणात दुरुस्तीसाठी उघडून बसतोय, म्हणून या वेळची पत्रं त्याच विषयावरची घेतली आहेत.

प्रश्न : दादा, आमचा घरगुती उद्योग आहे. आंब्याचा पल्प, आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी. आजवर बिलं हातानेच केली. मुंबईचा पुतण्या म्हणतो, आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड घे म्हणजे दहा वर्षं बघायला नको. बजेट ५० हजार आहे. ऐकू का त्याचं? (एक भगिनी, राजापूर तालुका)

ताई, पुतण्या मायेने सांगतोय, पण तो त्याला हवा असलेला कॉम्प्युटर सांगतोय. बिल छापायला ग्राफिक्स कार्ड म्हणजे आमसुलं वाळवायला भट्टी. तुम्हाला दिवसाला वीस-पंचवीस बिलं, लेबलं, थोडे हिशेब आणि व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी एवढंच करायचंय. त्याला आय-थ्री किंवा रायझन-थ्री, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) पुष्कळ झाली. प्रोसेसर एक पायरी खाली घेतलात तरी चालेल, पण एसएसडीच्या जागी जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क कुणी स्वस्तात दिली तर घेऊ नका. मशीन ‘स्लो’ झालं म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं तेच असतं.

तुम्ही लॅपटॉप घ्या. एक तर त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर मशीन चालू ठेवणारा डबा, आणि दुसरं म्हणजे मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या आंबा महोत्सवात तो पिशवीत घालून नेता येतो. दुकानदाराला एकच गोष्ट खोदून विचारा: रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे की वाढवायला खाच मोकळी आहे? रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून चढले आहेत. आज ८ जीबी घेऊन पुढे भाव उतरल्यावर वाढवायची सोय हातात असलेली बरी.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते सांगतो. तुमचं घर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर असेल, खाली जांभा असेल, तर आधी वायरमनला बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असतो, पण एप्रिल-मे मध्ये कातळ ठणठणीत कोरडा पडला की ते अर्थिंग नावापुरतं उरतं. डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. मीटर लावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजायला सांगा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन-तीन व्होल्ट दिसले तर ठीक, वीस-तीस दिसले तर कॉम्प्युटरच्या आधी अर्थिंगवर खर्च करा. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून दोन कळश्या पाणी ओतायचं. तुळशीला घालताना आठवण ठेवली की झालं.

प्रिंटरचं जरा सविस्तर सांगतो, कारण लोक पैसे घालवतात ते इथेच. रंगीत लेबलं घरी छापायची म्हणून इंक-टँक घेतलात तर हंगामात तो चालेल. मग जून ते सप्टेंबर तुम्ही त्याच्याकडे बघणार नाही, हेडमध्ये शाई सुकेल, आणि गणपतीच्या ऑर्डरीवेळी तो पट्टे मारेल. शिवाय साध्या शाईचं लेबल आगळाच्या ओल्या बाटलीवर पसरतं. माझं मत असं, की चार रंगी लेबल छापखान्यातून एकदम हजार-दोन हजार करून घ्या. त्यावर बॅच, तारीख आणि एमआरपी यांची जागा कोरी ठेवा आणि तेवढंच घरी छापा. त्यासाठी थर्मल ट्रान्सफर, म्हणजे रिबनवाला लेबल प्रिंटर घ्या. बिना-रिबनचा थर्मल स्वस्त पडतो, पण त्याची अक्षरं उन्हात आणि उष्णतेत बिघडतात, आणि तारीख पुसलेली बाटली दुकानदार परत पाठवतो. बिलांसाठी साधा ब्लॅक-अँड-व्हाइट लेझर. तो चार महिने पडून राहिला तरी रुसत नाही. पावसाळ्यात कागद मात्र डब्यात ठेवा, ओलसर कागद लेझरमध्ये हमखास अडकतो.

छापखानेवाल्याकडून मराठी मजकूर युनिकोडमध्ये मागून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं लेबल तुमच्या लॅपटॉपवर उघडलंत की ‘कोकम आगळ’च्या जागी चिन्हांची खिचडी दिसते, आणि मग एक अक्षर बदलायला पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागतं.

हिशेबासाठी कुठलं सॉफ्टवेअर? तुमचे कर सल्लागार जे वापरतात ते. टॅली असेल तर टॅली, व्यापार ॲप असेल तर व्यापार. त्यांना फाइल परस्पर उघडता आली की वर्षाअखेरचे तुमचे आठ दिवस वाचतात. मात्र कुणा ओळखीच्या पोराने ‘तुमच्यासाठी खास’ बनवलेला प्रोग्राम नको. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे असा प्रोग्राम होता, दिसायलाही छान. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, आणि याच्यात कराचा आकडा प्रोग्रामच्या पोटातच लिहिलेला. बनवणारा तोवर पुण्याला नोकरीला लागलेला. दिवाळीची सगळी बिलं त्या माणसाने पुन्हा पावतीपुस्तकावर फाडली.

अर्थिंग-प्रिंटर धरून सगळं पन्नास हजारांत बसेल की नाही हे अर्थिंगची अवस्था ठरवेल. कात्री लावायचीच वेळ आली तर लॅपटॉपला लावा, अर्थिंगला नको.

प्रश्न : मालवणात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमची खानावळ आहे. तीन वर्षांत दोन डेस्कटॉप गेले. प्रत्येक वेळी ‘मदरबोर्ड गेला’ एवढंच ऐकायला मिळतं. आता चांगल्यातला घेऊ का?

नको. चांगल्यातलाही जाईल. तुमच्याकडे खारा वारा आहेच, वर सुरमईच्या तव्याचा धूर. कॉम्प्युटरचा पंखा दिवसभर हे दोन्ही आत ओढतो. तेलावर धूळ बसते, धुळीवर मीठ, मीठ हवेतलं पाणी धरतं, आणि पितळी-तांब्याच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. यूएसबीची खाच टॉर्च मारून बघा, दिसेल.

ज्यात पंखाच नाही ते घ्या. अँड्रॉइड टॅबलेट, त्यावर बिलिंगचं ॲप आणि दोन इंची ब्लूटूथ थर्मल प्रिंटर. खानावळीला एवढं पुरतं, आणि टॅबलेट गेलाच तर त्याच दुपारी दुसरा आणून त्याच खात्याने लॉगिन करता येतं. फक्त ॲप नेट नसताना बिल फाडतं का, हे मोबाइलचा डेटा बंद करून दुकानदारासमोरच बघा. स्वयंपाकघरात ऑर्डरची चिठ्ठी काढायची असेल तर तिथे थर्मल नको, चुलीच्या धगीने कागद काळा पडतो. तिथे रिबनवर ठोकणारा डॉट मॅट्रिक्सच टिकतो. आवाज करतो, पण फोडणीच्या आवाजात तो ऐकूच येतो हे बरं.

पावसाळ्यात खानावळ बंद ठेवत असाल तर यंत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका. आतली ओल आतच राहते. सिलिका जेल घालून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू करा. चालू यंत्र गरम राहतं आणि गरम यंत्रावर दव धरत नाही.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा कारखाना आहे. तीन जुने कॉम्प्युटर, तिन्हींवर विंडोज १०. जावई म्हणतात, तिन्ही भंगारात काढा. खरंच गरज आहे का?

जावयांचं एक-तृतीयांश बरोबर आहे, आणि जावयाच्या मानाने ते पुष्कळ आहे.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे ती त्या दिवशी बंद पडली असं नव्हे, नवी भोकं सापडली तर ती आता आपोआप बुजवली जात नाहीत. शाकारणी न केलेल्या छपरासारखं. पहिल्या पावसात गळेलच असं नाही, पण खाली काय ठेवायचं याचा विचार करावा लागतो.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातलं मशीन आठव्या पिढीचं आय-फाइव्ह आहे आणि ‘विंडोज ११ चालणार नाही’ असा संदेश देतं. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह विंडोज ११च्या यादीत बसतो. बहुतेक वेळा टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने सापडेल. ती सुरू करून, सिक्युअर बूट ही तिथलीच दुसरी सोय लावून पुन्हा तपासा. माझ्याकडे अशी मशीनं आली की दहा मिनिटांचं काम असतं. पैसे घ्यायचा संकोच होतो, पण घेतो.

वजनकाट्याला जुन्या सिरियल केबलने जोडलेलं मशीन आहे तसंच राहू द्या. त्याची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि त्यावरून मेल उघडायचे नाहीत असं काट्यावरच्या माणसाला सांगा. पेन ड्राइव्हही सरसकट लावू देऊ नका.

तिसरं, चौथ्या पिढीचं, ते खरंच म्हातारं झालंय. त्यात छोटी एसएसडी टाकून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली) आणि लिबर ऑफिस घातलं तर मजुरांची हजेरी आणि पत्रं लिहायला ते आणखी काही वर्षं काढेल. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही, तेव्हा हिशेबनीस वैतागतील. ते वैतागलेच तर जावयांचं ऐका.

प्रश्न : एकाने टॅली आणि एमएस ऑफिस दोन्ही ‘फुकटात टाकून देतो’ असं सांगितलंय. घेऊ? (दापोली)

नाही. कुलूप फोडून देणारा किल्ली स्वतःकडेही ठेवतो. ऑफिस परवडत नसेल तर लिबर ऑफिस उघडउघड फुकट आहे.

प्रश्न : मी चिपळुणातलाच व्यापारी. २०२१च्या पुरात दुकानाचं सगळं दप्तर गेलं. आता मुलगा म्हणतो सगळं क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठ्यात ठेवू. पण पावसात इथे नेट जातं. मग कॉम्प्युटरच मोठा घेऊन त्यातच दोन हार्ड डिस्क बसवू का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. २२ जुलै २०२१ला माझंही दुकान तळमजल्यावरच होतं. पहाटे पाणी वाढतंय म्हणून फोन आला. २००५चा अंदाज डोक्यात धरून मी गिऱ्हाइकांची मशीनं टेबलावर चढवली, माझं स्वतःचं फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि घरी आलो. पाणी दुकानाच्या पाटीच्या वर गेलं. माझा बॅकअप होता हो! नेमाने दर शनिवारी घेतलेला. ज्या टेबलावर एरवी माझा कॉम्प्युटर असायचा त्याच टेबलाच्या खणात ठेवलेला.

म्हणून एकाच डब्यात दोन डिस्क हा बॅकअप नव्हे. दोन्ही एकदम बुडतात, एकाच विजेने जळतात, आणि फाइलींना कुलूप घालून पैसे मागणारा व्हायरस आला तर दोन्ही एकदम बंद होतात.

त्या चिखलातून जे शिकलो ते आधी सांगतो, कारण कुणावर कधी वेळ येईल सांगता येत नाही. नेहमीच्या हार्ड डिस्कला हवा खेळायला बारीक छिद्र असतं, पुराचं पाणी तिथून आत जातं. अशी डिस्क ‘चालते का बघू’ म्हणून लावायची नाही. उन्हात वाळवायची नाही, तांदळात पुरायची तर अजिबात नाही, कारण गाळ आत सुकून थाळीला चिकटतो. ओलीच घट्ट पिशवीत घालून डेटा काढणाऱ्याकडे पाठवायची. मी त्या आठवड्यात उत्साहाने चार डिस्का पुसून, वाळवून, लावून बघितल्या. चारही माझ्या हातानेच मेल्या. एसएसडीत फिरतं काही नसतं, ती लगेच न लावता नीट धुऊन-सुकवून घेतली तर जरा जास्त आशा असते.

आता नेटचं. बॅकअपला दिवसभर नेट लागत नाही. कामाचं सॉफ्टवेअर दुकानातल्या मशीनवरच ठेवा आणि रात्री दुकान बंद करताना हिशेबाची फाइल क्लाउडवर चढवा. छोट्या दुकानाची फाइल गुगल ड्राइव्हच्या फुकटच्या १५ जीबीत सहज बसते. ब्रॉडबँड गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि ते सिम वेगळ्या कंपनीचं असू द्या. दोन दिवस काहीच नाही मिळालं तर तिसऱ्या दिवशी चढवा, बिघडत नाही. त्या खात्याचा पासवर्ड मात्र दुकानातल्या डायरीत नको, घरी वरच्या मजल्यावर सात-बाऱ्याच्या पिशवीत ठेवा.

जोडीला बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घ्या. एक दुकानात, एक उंचावरच्या घरी, दर आठवड्याला अदलाबदल. बॅकअप झाला की वायर काढायची, लावून ठेवायची नाही. आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांत हे एक धरा: मे महिन्याच्या अखेरीस मुलाच्या लॅपटॉपवर त्या डिस्कवरून हिशेब उघडून एक जुनं बिल छापून बघा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. फाइल तिथे आहे हे दिसणं वेगळं आणि ती उघडणं वेगळं, हे मी दुसऱ्यांच्या रडण्यावरून शिकलो.

नवं मशीन साधंच घ्या. ते टेबलाखाली ठेवायचं नाही, भिंतीला घोडा, म्हणजे ब्रॅकेट मारून त्यावर ठेवायचं. यूपीएस ६०० व्हीएचा चालेल, मशीन नीट बंद करायला दहा मिनिटं मिळाली की काम झालं. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला आणि लेझर प्रिंटर कधीही त्या यूपीएसवर लावू नका, एका पानात त्याची दमछाक होते. विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण नाही, प्लगच भिंतीतून उपटायचा.

माझी दुसरी डिस्क आता सावर्ड्याला बहिणीकडे असते, पिठाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. दर रविवारी जाऊन बदलून आणतो. ती शेजारणीला सांगत होती, पंचवीस वर्षांत भाऊ भाऊबिजेशिवाय फिरकला नाही, आता दर आठवड्याला येतो. कशाला येतो ते तिने सांगितलं नाही.