ओढ्यावरचा जुना ट्रस पूल पाडावा का?

प्रश्न : आमच्या छोट्या गावात ओढ्यावर लोखंडी ट्रस पूल (दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्याचा) आहे. पाटीवर १८८६ साल कोरलंय. मधल्या खणातल्या (दोन उभ्या खांबांमधल्या चौकटीतल्या) फुलीच्या सळया हातानं हलवल्या की खडखडतात. बरेच जण म्हणतात, पूल खिळखिळा झालाय, पाडून टाका. आम्हा काहींचा त्यावर जीव आहे. काय करावं?

उत्तर : एवढ्यावरून पूल पाडू देऊ नका. पुलांची तपासणी करण्यात माझी हयात गेली, आणि त्या फुलीनं पुष्कळांना घाबरवलेलं मी पाहिलंय.

तुमच्या वर्णनावरून हा प्रॅट ट्रस असावा. थॉमस आणि केलेब प्रॅट या बापलेकांनी १८४४ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. दाबाखालचा दांडा लांब असला की मध्येच वाकतो. लांबी दुप्पट झाली तर न वाकता भार पेलण्याची ताकद चौथाईवर येते. म्हणून त्यांनी दाब आखूड उभ्या खांबांवर टाकला आणि ताण लांब तिरक्या पट्ट्यांवर. गाडी पुढे सरकते तसा मधल्या खणात मात्र ओढीचा रोख उलटतो, म्हणून तिथे उलट्या दिशेची जादा सळई घालतात; तुमची फुली तिच्यामुळेच. पूल रिकामा असताना ती थोडी सैल राहू शकते. तिच्यावर टर्नबकल (सळई आवळायचा फिरवता जोड) असेल तर जाणकाराकडून बेतानं आवळून घ्या.

खरी काळजी मुख्य तिरक्या पट्ट्यांची. त्या सहसा जोडीनं असतात. जोडीतली एक हलते आणि दुसरी ताठ, असं दिसलं तर भार एकीवरच पडतोय, तेव्हा वाहतूक लगेच थांबवायला लावा.

मग खाली उतरून पुलाची टोकं पाहा. बेअरिंगभोवती, म्हणजे पूल जिथे टेकतो त्या आधाराभोवती, माती, पालापाचोळा साचून ओल धरते आणि वरून छान रंगवलेला पूल तिथेच गंजतो. ३० मीटरचा गाळा (दोन आधारांमधला पुलाचा भाग) तापमानातल्या ४० अंशांच्या फरकानं जवळजवळ १४ मिलिमीटर लांबतो. पूल सरकावा म्हणून टोकाखाली ठेवलेले रूळ मातीनं जाम झाले, तर तो रेटा दगडी बांधकामावर येतो. रिव्हेटच्या एका डोक्याला बोट लावून दुसऱ्या बाजूनं हलकी हातोडी मारा. सैल असेल तर बोटाला धक्का कळतो. डोक्याखालून गंजाचा ओघळ आला असेल, तरी तीच शंका घ्यावी.

कळकळीची विनंती : कुणाला परस्पर वेल्डिंग करू देऊ नका! त्या काळच्या घडीव लोखंडात मळीचे (लोखंड बनवताना उरलेल्या कचऱ्याचे) धागे असतात; सांध्याचा भरवसा नसतो, आणि पट्टीच्या पिनेच्या भोकाशी दिलेली आच पुढे तडा जायला निमित्त होते.

पुलांच्या अभियंत्याकडून सांध्या-सांध्याची लेखी तपासणी मागा. गाड्या चालू ठेवायच्या ठरल्या, तर दोन्ही तोंडांशी जादा उंच गाड्या अडवणारी आडवी कमान हवीच. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट नदीवरच्या पुलाच्या वरच्या सांगाड्याला ट्रकवरचा उंच माल धडकला आणि आख्खा गाळा पाण्यात गेला. आजच्या गाड्यांचा भार पेलवत नसेल, तर पूल पादचाऱ्यांना द्या. जागाच सोडावी लागली, तरी पिनांनी जोडलेला पूल सुटा करून दुसरीकडे उभारता येतो. असे पूल मुळात कारखान्यात सुटे बनवून जागेवर जुळवलेलेच असत.