वानरांचा अभ्यास करायचाय? आधी रामटेक

अगं, प्राइमेटॉलॉजी, म्हणजे माकडं-वानरांचं शास्त्र, शिकायला लगेच आफ्रिका नको, पेंचचं जंगलही नको. नागपूरहून रामटेकच्या गडावर जा. तिथले काळ्या तोंडाचे वानर माणसाला बुजत नाहीत. मात्र हातात प्रसाद, शेंगदाणे काही नको. खाऊ दिलास की त्यांचं वागणं तुझ्यामुळेच बदलतं.

पहिला महिना चेहरे ओळखण्यात घाल. फाटका कान, वाकडं बोट, शेपटीवरचा व्रण. वहीत चित्र काढ, कितीही वेडंवाकडं येऊ दे.

मग एकच वानर निवड आणि घड्याळ लावून दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघ. बबून माकडांच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये या पद्धतीला शिस्त लावली. नवखे इथेच चुकतात: भांडण लागलं की नजर तिकडे. वहीत नुसती भांडणं उरतात, आणि वानरांचा दिवस तर पानं खाण्यात, बसण्यात जातो.

‘रागावला’ लिहू नकोस; ‘दात दाखवले, दोन पावलं पुढे आला’ लिही. काळपट पिल्लू एका मादीकडून दुसरीकडे जाताना दिसेल. कुणी घेतलं, किती वेळ ठेवलं, आईने कधी ओढून घेतलं, सगळं टिप. मला आजही ते बघताना भान राहत नाही.

परवानग्या, आकडेमोड नंतर. उन्हाळ्यात सकाळी सहाला गड गाठ.