टास्कबार अडकला म्हणून फॉर्मॅट? अजिबात नको

स्टार्टवर क्लिक केलं तर काही होत नाही, टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या खालची पट्टी, तीही हलत नाही आणि दुकानवाला फॉर्मॅट मारायला सांगतोय, मारू का, असं तुम्ही विचारलंय. नका मारू. आणि त्याला एकच विचारा, नक्की काय बिघडलंय? नाव सांगता आलं नाही तर सीपीयू उचलून घरी आणा.

टास्कबार आणि डेस्कटॉप दाखवणारा विंडोज एक्सप्लोरर हा एक प्रोग्रॅम आहे. तो अडकला म्हणजे विंडोज मेलं असं नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येईल. यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा, राइट क्लिक, रीस्टार्ट. स्क्रीन जरा कोरी होईल, घाबरू नका. बार चालतोय पण फक्त स्टार्ट उघडत नाही असं असेल तर टास्क मॅनेजरच्याच डिटेल्स टॅबमध्ये जाऊन 'स्टार्टमेनूएक्सपीरियन्सहोस्ट' बंद करा. २०१९ पासून विंडोज १० मध्ये स्टार्टचं काम हा वेगळा प्रोग्रॅम बघतो, आणि बंद केला तरी तो परत आपोआप चालू होतो.

बहुतेकांचं इथेच भागतं. पण पुन्हा पुन्हा अडकत असेल तर कारण शोधावं लागतं, आणि फॉर्मॅटवाल्यांना नेमका त्याचाच कंटाळा.

माझं कराडला डीटीपीचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत टास्कबार गोठायला लागला. आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, यांचं ठाम मत की काँप्युटरला वर्षातून एकदा जुलाब दिलाच पाहिजे. मी कागद आणायला बाहेर गेलेलो, तेवढ्यात ते सीपीयू घेऊन ओळखीच्या माणसाकडे गेले. घरात दाजींना नाही कोण म्हणणार? संध्याकाळी मशीन परत आलं, चकाचक. डी ड्राइव्ह होता तसा, पण डेस्कटॉपवरच्या सगळ्या पत्रिका गेल्या आणि श्रीलिपीचे, म्हणजे मराठी टायपिंगचे, फॉन्टही गेले. गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ पाठवलेले होते म्हणून वाचलो. त्या फोटोंवरून एकेक पत्रिका परत टाइप केली, मामा-मामी, आत्या, आमचे येथे श्रीकृपेकरून, सगळं.

आणि टास्कबार? सगळं परत जोडून झालं आणि पुन्हा गोठला! दाजी म्हणाले, नीट फॉर्मॅट झालं नसेल, परत मारू.

मग मी लक्ष ठेवलं. सकाळी दुकान उघडलं की बार बंद. अकराला टायपिंगची मुलगी आली की बार चालू. ती हात लावायची तिच्या मशीनला, सुधारायचं माझं. तिच्या मशीनवरचं एक फोल्डर माझ्याकडे नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलेलं. ते मशीन बंद असलं की एक्सप्लोरर त्याची वाट बघत बसायचा, आणि त्याच्यासोबत टास्कबारही. ड्राइव्ह डिस्कनेक्ट केला, फोल्डरचा शॉर्टकट तेवढा ठेवला. संपलं. दाजींना दाखवलं तर म्हणाले, योगायोग.

योगायोग म्हणे. २०२१ च्या सप्टेंबरात विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत स्टार्ट आणि टास्कबार असेच ठप्प झाले होते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून आलेल्या, त्यांच्याच टीम्स या मीटिंगच्या अ‍ॅपच्या जाहिरातीमुळे. मायक्रोसॉफ्टने उपाय सांगितला तो रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतली, एक नोंद काढून रीस्टार्ट करण्याचा. फॉर्मॅट मारा असं त्यांनीही सांगितलं नाही.

तर तुम्ही बघा, कधी अडकतो? पेन ड्राइव्ह, प्रिंटर, दुसरं मशीन, नवं सॉफ्टवेअर, काय जोडलं की अडकतो? रिलायबिलिटी मॉनिटर उघडला तर कुठला प्रोग्रॅम कोणत्या तारखेला कोसळला ते दिसतं. नवीन युजर अकाउंट काढून बघा. तिथे मेनू चालला तर तुमचं प्रोफाइल बिघडलंय, विंडोज नाही. दोन्हीकडे अडकत असेल तर आधी डिझम आणि मग एसएफसी स्कॅन चालवा, विंडोजच्या बिघडलेल्या फायली त्या दुरुस्त करतात. या दोन्ही कमांड मायक्रोसॉफ्टच्या मदत पानावर आहेत, तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

हां, हार्ड डिस्कच जात असेल, कटकट आवाज येत असेल, तर माझं वरचं सगळं सोडा आणि आधी डेटा बाहेर काढा. टास्कबार बंद असला तरी टास्क मॅनेजरमधल्या 'रन न्यू टास्क'च्या ब्राउझ बटणातून फायली दिसतात, तिथून पेन ड्राइव्हवर कॉपीही होतात. व्हायरस खोलवर घुसला असेल तर फॉर्मॅट मारावं लागतं, हे मला मान्य आहे. दाजींनाही मी तेवढं मान्य केलंय. पण तेव्हाही डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि फॉन्ट कुठे ठेवले हे दुकानवाल्याकडून लिहून घ्या, आणि मशीन कोणी न्यायला आलं तर घरच्यांना सांगून ठेवा, पाहुणा असला तरी द्यायचं नाही.