हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथीचं निदान कशावरून होतं? आई पूर्वीसारखी होईल का?

हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडींसोबत दिसणारा मेंदूचा आजार. एमआरआय नॉर्मल, टीपीओ अँटीबॉडी (थायरॉईडविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं) हजाराच्या वर, आणि आई महिनाभर भ्रमल्यासारख्या वागताहेत, असं तुम्ही लिहिलंय. चार वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच चाललं होतं.

माझी आई कॅलेंडरवर रोजचं दूध लिहायची. दिवाळीनंतर आकडे चौकटीबाहेर जायला लागले, मग एकाच तारखेला तीनदा 'अर्धा लिटर'. मध्येच दोन दिवस अक्षर एकदम स्वच्छ. हाताला असा झटका बसायचा की कपातला चहा साडीवर. आधी वय, मग डिप्रेशन म्हणून औषधं झाली, त्यात सात आठवडे गेले. न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, "कधीपासून? कमी-जास्त होतं का?" मी भिंतीवरचं कॅलेंडरच काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

नुसत्या टीपीओवर हे निदान होत नाही. त्या अँटीबॉडी धडधाकट माणसांतही सापडतात, बायकांत जास्त. म्हणून आधी बाकीची कारणं वगळतात: पाठीतलं पाणी तपासून जंतुसंसर्ग (आपल्याकडे टीबी बघायलाच हवा), मेंदूवरच हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी (उदा. एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या), सोडियम, बी-१२. आईच्या पाण्यात फक्त प्रोटीन वाढलेलं होतं आणि ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) लहरी मंदावलेल्या. थायरॉईड हार्मोन जवळजवळ ठीक होते. १९६६ साली पहिला रुग्ण नोंदवला गेला, तेव्हापासून हा आजार असाच, बाकीचं वगळून ओळखला जातो. हार्मोन ठीक असतानाही तो होतो, त्यामुळे थायरॉईडची गोळी वाढवून वाट बघत बसू नका.

आईला पाच दिवस सलाईनमधून रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. चौथ्या सकाळी तिनं नर्सला विचारलं, "आज तारीख काय? दूधवाल्याचं कुणी बघितलं का?" मी बाहेर जाऊन रडलो.

पुढे स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत आठ महिने गेले. मध्ये डोस उतरवताना आजार उलटला, तेव्हा अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) जोडलं. साखर, बीपी, हाडं यांच्यावर लक्ष लागतं, आणि स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, ते जिवावर बेतू शकतं. फरक पडला नाही तर आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) असतं, पण तेव्हा निदानही पुन्हा तपासायला सांगा. फरक पडला तरी तेवढ्यानं निदान पक्कं होत नाही, कारण स्टेरॉइडनं मेंदूतला लिम्फोमाही (एक प्रकारचा कॅन्सर) काही काळ मावळतो.

आई आज स्वयंपाक, हिशोब सगळं करते. नावं मात्र कधीकधी अडतात. तुमच्या आईंना झटके येतात तेव्हाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, आणि चांगले-वाईट दिवस तारखेसह लिहून पुढच्या भेटीला न्या.