ग्लासगो विमेन्स लायब्ररीत पुरुषांना जाता येतं का? सोबत व्हीलचेअरवरची आई असेल.

हो, दोघंही खुशाल जा. प्रवेश सगळ्यांना आहे आणि मोफत आहे. १९९१ मध्ये सुरू झालेली ही संस्था स्त्रियांचा इतिहास जपते, पण तो फक्त स्त्रियांनीच वाचावा असं ती मानत नाही, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. २०१३ पासून ती ग्लासगोच्या ब्रिजटन भागातल्या जुन्या कार्नेगी वाचनालयाच्या (उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या) इमारतीत आहे. इमारत जुनी असली तरी आत लिफ्ट आहे, ब्रिजटन स्टेशनही जवळच. पुस्तकं बहुतेक देणगीतून आलेली. आईंना संग्रहातले १९३० च्या दशकातले कपडे शिवायचे नमुने नक्की आवडतील. मताधिकार चळवळीतल्या वस्तूही आहेत. मात्र काही कार्यक्रम फक्त महिलांसाठी असतात, तेवढं वेळापत्रकात आधी बघून घ्या.