कटलफिश पाहायला लागताय? आधी एवढंच करा

पहिल्याच दिवशी प्रजातींची नावं पाठ करत बसू नका, ती येतात हळूहळू. एकच कटलफिश (ऑक्टोपसच्या नात्यातला समुद्री प्राणी, मासा नव्हे) निवडा आणि दहा मिनिटं जागचे हलू नका. तुम्हाला दिसायच्या आधी तिने तुम्हाला पाहिलेलं असतं. मधले दोन हात वर उचलून ती थबकली, की समजा संशय आलाय. तिथेच थांबा. पाठलाग केलात तर शाईचा ढग तेवढा हाती लागेल. (मी सुरुवातीला हेच केलं, कित्येकदा.)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- रंग बदलला म्हणजे लपायलाच, असं धरून चालतात. नर एकमेकांसमोर झेब्र्यासारखे ठळक पट्टे मिरवतात. काही जातींत शिकारीच्या वेळी अंगावरून काळ्या लाटा सरकतात. गंमत म्हणजे डोळ्यात प्रकाशपेशी एकाच प्रकारच्या, त्यामुळे आपल्यासारखे रंग तिला दिसतच नाहीत!
- त्वचेचा पोत पाहायला विसरतात. गुळगुळीत अंगावर क्षणात शेवाळासारखे कोंब उभे राहतात.
- दहाही अवयवांना हात म्हणतात. हात आठच. उरलेली दोन लांब शुंडकं डोळ्यांखालच्या खिशांत दडलेली असतात. कोळंबी टप्प्यात आली की सटकन बाहेर. ऑक्टोपसला ती नसतातच.

तीन हृदयं, निळसर रक्त, एवढं माहीत असलं तरी सध्या पुरे. मज्जासंस्थेच्या भानगडीत आत्ता पडू नका. वही मात्र ठेवा: वेळ, अंगावरचा नमुना आणि समोर कोण होतं.