घरात ८ महिन्यांचं बाळ आहे, पुण्यात जर्मन शेफर्ड घ्यायचाय, ब्रीडर कसा निवडू?

आधी एक, फोनवर फोटो बघून अॅडव्हान्स पाठवू नका. आम्ही ती चूक केलीये. हिंजवडीच्या पुढे एकाकडे गेलो तर म्हणे पिल्लांची आई गावाला आहे, पिल्लं तेवढी आणलीत, आणि पिल्लू हातात घेतलं तर पोट टम्म फुगलेलं, डोळ्यात चिपडं, तिथूनच परत फिरलो.

पिल्लाची आई बघायचीच, आणि जमलं तर बाळाला कडेवर घेऊनच जा, बाळ रडलं की ती कशी वागते ते बघा. उठून वास घेऊन परत बसली तर छान, सारखी गुरगुरत मागे सरत असेल तर पिल्लू कितीही गोड असू दे, नको. या जातीत खुब्याचा त्रास खूप, म्हणून आईबापाचे हिप एक्सरे मागा. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद म्हणजे फक्त वंशावळ हो, तब्येतीची गॅरंटी नाही, इथेच लोक फसतात. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्राच्या २०१७ च्या कुत्र्यांच्या ब्रीडिंग-विक्रीच्या नियमांनी बंदी आहे, तरी ३५ दिवसांचं घेऊन जा म्हणणारे भेटतील. ब्रीडरचं राज्य प्राणी कल्याण मंडळाचं रजिस्ट्रेशन पण बघा.

आणि खरं सांगू का, पिल्लाचे दात आणि बाळाचं रांगणं एकाच वेळी, वर घरभर केस, त्यात दोघं नोकरीला असाल तर बाळ ३-४ वर्षांचं होईपर्यंत थांबा. घेतलाच तर महापालिकेचं लायसन्स काढा, आणि बाळ न कुत्रा एका खोलीत एकटे, एक मिनिट पण नाही.